नवीन गाडी घेतेय: डीलर म्हणतो लोन आणि इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या, तरच डिस्काउंट

अनुजा_र
नमस्कार मंडळी, घरात पहिलीच गाडी येतेय. मॉडेल ठरलंय, टेस्ट ड्राइव्ह झालीय, त्यामुळे कोणती घेऊ हा प्रश्न नाहीये, प्रश्न पैसे कसे भरायचे आणि इन्शुरन्स कुठून घ्यायचा हा आहे. शोरूमच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम १०,६०,०००, मग आरटीओ टॅक्स, टीसीएस १०,६००, इन्शुरन्स ५२,०००, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज पॅकेज, फास्टॅग आणि शेवटी "हँडलिंग" ८,५०० असं सगळं एकाखाली एक लिहून खाली ऑन-रोडची एकच मोठी रक्कम आहे.

लोन ८ लाखांचं हवंय, पाच वर्षांसाठी. शोरूममध्येच बँकेचा एक माणूस बसतो, तो म्हणाला ७ टक्के फ्लॅट. माझा पगार ज्या बँकेत होतो त्यांनी ९ टक्के सांगितला. मग शोरूमवाला स्वस्त झाला ना? आणि सेल्सवाला म्हणतो २५ हजारांचा डिस्काउंट आहे पण लोन आणि इन्शुरन्स दोन्ही आमच्याकडून घेतलं तरच. बाबा म्हणतात कर्ज कमी काढ, तीन लाख मी रोख देतो.

बुकिंगचे पैसे अजून भरले नाहीयेत. जाणकारांनी कृपया सांगा.

आकडेमोड
अनुजाताई, बुकिंग भरलं नाही हे फार बरं झालं, आत्ता तुमचं पारडं जड आहे.

आधी व्याजाचं बघू. फ्लॅट आणि रिड्यूसिंग हे दोन वेगळे हिशोब आहेत, त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच नाही. फ्लॅटमध्ये तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८ लाखांवर लावतात. रिड्यूसिंगमध्ये फक्त उरलेल्या मुद्दलावर. ७ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला ५६,०००, पाच वर्षांचे २,८०,०००, मुद्दल मिळवून १०,८०,००० भागिले ६०, हप्ता १८,०००. हाच हप्ता रिड्यूसिंगच्या भाषेत मांडला तर व्याजदर साधारण साडेबारा टक्के येतो!

तुमच्या बँकेचे ९ टक्के रिड्यूसिंग असतील, बहुतेक असतीलच, तर हप्ता १६,६०७ आणि पाच वर्षांचं एकूण व्याज सुमारे १,९६,४००. म्हणजे शोरूमचं "७ टक्के" तुम्हाला ८३ हजारांनी महाग पडतंय.

माझा साधा नियम आहे, टक्के विचारायचेच नाहीत. हातात किती लोन पडणार, हप्ता किती, किती महिने आणि सुरुवातीला काय काय कापणार हे चारच आकडे लिहून घ्यायचे, बाकी गुणाकार घरी.

मीनल_क
आकडेमोड यांनी बरोबर सांगितलंय. त्यात भर म्हणून, बँकेकडून किंवा एनबीएफसीकडून (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) केएफएस मागा, की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या रिटेल कर्जांना हे बंधनकारक केलंय. त्यात एपीआर लिहिलेला असतो, म्हणजे व्याज, प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंट चार्ज, कर्जासोबत चिकटवलेला विमा हे सगळं धरून वर्षाचा खरा खर्च. दोन बँकांचे एपीआर शेजारी ठेवले की तोंडी गप्पांची गरजच उरत नाही. आणि जो चार्ज केएफएसमध्ये नाही तो नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. शोरूममधला माणूस "ते सँक्शन झाल्यावर येईल" म्हणाला तर सांगायचं की कागद आल्यावर सही करते.

फोरक्लोजर पण विचारा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या फ्लोटिंग (बदलत्या) रेटच्या वैयक्तिक कर्जांना मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, पण कार लोन बरीचशी फिक्स्ड असतात आणि तिथे हा दंड लागू शकतो. बोनस आला की भरून टाकू असा विचार असेल तर ही ओळ आधी वाचा.

आता बाबांची रोख. ते होणार नाही. एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात तरतूद आहे की एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायची नाही. आज दीड लाख, पुढच्या आठवड्यात दीड लाख असे तुकडे केले तरी गाडी एकच, व्यवहार एकच. दंड घेणाऱ्याला, आणि घेतली तेवढ्याच रकमेचा, त्यामुळे चांगला डीलर घेणारच नाही. बाबांना म्हणावं आरटीजीएस किंवा डीडी करा.

टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, मात्र खरा आहे, घाबरू नका. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर गेली की डीलरला पूर्ण किमतीवर १ टक्का गोळा करावा लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर पोर्टलवरच्या तुमच्या करजमेच्या पत्रकात दिसतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. फक्त इन्व्हॉइसवर नाव आणि पॅन अचूक हवा. गाडी तुमच्या नावावर आणि पॅन बाबांचा असं केलंत तर हा क्रेडिट तुम्हाला मिळायचा नाही.

हायवेवाला
हँडलिंग चार्ज देऊ नका!! गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्येच धरलेला असतो. कशाचा चार्ज आहे ते पावतीवर वेगळं लिहून द्या म्हणायचं, बहुतेक वेळा तिथेच ती ओळ पुसली जाते. ॲक्सेसरीज पॅकेज पण जबरदस्तीचं नसतं, मॅट आणि मडफ्लॅप लागतात ते सुटे घ्या.

निवांत_प्रवासी
मला मुळात वाटतं की ही एक खरेदी नाहीये, तीन आहेत. गाडी, कर्ज आणि विमा. डीलरचा सगळा खेळ या तिघांची मोळी बांधण्यात आहे, कारण मोळीत कुठली काटकी कितीची हे कळत नाही. गाडीच्या विक्रीवर त्यांना सुटणारा पैसा फार नसतो, बँक आणि विमा कंपनीकडून मिळणारं कमिशन आणि ॲक्सेसरीज यावर बरंचसं भागतं. त्यात गैर काही नाही, धंदा आहे त्यांचा, पण आपल्याला तिन्ही किमती वेगवेगळ्या कळल्याच पाहिजेत हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही.

तुमचंच उदाहरण घ्या. डिस्काउंट २५ हजार. त्याबदल्यात लोनमध्ये जादा ८३ हजार. इन्शुरन्समध्ये किती जादा जातायत ते बाहेरचं कोटेशन काढल्यावर कळेल. सोमवारी परत जा आणि तीन कागद मागा: फक्त गाडीचं कोटेशन डिस्काउंटसह, फक्त लोनचं, फक्त इन्शुरन्सचं.

बाळूकाका
मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी आजवर सगळ्या गाड्यांचा विमा डीलरकडूनच घेतलाय आणि चार पैसे जास्त गेले तरी क्लेमच्या वेळी फरक पडतो. गाडी ठोकली की मी फक्त वर्कशॉपला फोन करतो, सर्व्हेयर बोलावणं, फोटो, फॉर्म सगळं तेच बघतात. आमच्या ओळखीत एकाने ऑनलाइन स्वस्तात पॉलिसी घेतली आणि कंपनीच्या वर्कशॉपला कॅशलेस मिळालं नाही, सगळे पैसे आधी खिशातून भरून नंतर रिइम्बर्समेंटच्या मागे लागला बिचारा. पहिल्या वर्षी तरी डीलरचं घ्या असं मी सांगेन.

वर्कशॉपमित्र
बाळूकाकांचा मुद्दा चुकीचा नाही पण अर्धा आहे. मी बॉडीशॉपमध्ये बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगतो. कॅशलेस मिळणं न मिळणं हे पॉलिसी कोणी विकली यावर ठरत नाही, त्या वर्कशॉपचा त्या विमा कंपनीशी करार आहे का यावर ठरतं. डीलरच्या पॅनेलवर चार-सहा कंपन्या असतात. त्यातल्याच एखाद्या कंपनीची पॉलिसी तुम्ही थेट कंपनीकडून किंवा बाहेरच्या एजंटकडून घेतली तरी त्याच वर्कशॉपला कॅशलेस होऊ शकतं. कंपनीच्या साइटवर गॅरेजची यादी असते, आपलं वर्कशॉप त्यात आहे का ते बघा आणि वर्कशॉपच्या इन्शुरन्स डेस्कवर पण विचारा, सेल्सच्या माणसाला नाही. ही दोन मिनिटांची चौकशी केली तर काकांच्या ओळखीच्यांसारखी वेळ येत नाही.

आता पॉलिसीच्या आत काय हवं ते सांगतो, कारण सगळे प्रीमियमवर भांडतात आणि हे बघतच नाहीत.

झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं ॲड-ऑन (जादा कव्हर), नवीन गाडीला घ्याच. ते नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतले ५० टक्के कंपनी कापते, फायबरला ३० टक्के, काचेचं काहीच कापत नाही, आणि पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. आजकालच्या गाडीचं पुढचं सगळं तोंड प्लास्टिकचं, म्हणजे १२ हजारांचा बंपर बदलला तर सहा हजार तुमचे. त्यावर कंपल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेमला आपण भरायची ठरलेली रक्कम) वेगळं, १५०० सीसीपर्यंत एक हजार, त्यावर दोन हजार, ते झिरो डेप असलं तरी द्यावंच लागतं. आणि झिरो डेपचे वर्षात किती क्लेम चालतात हे वाचा, काही कंपन्या दोनच देतात.

इंजिन प्रोटेक्ट, पावसात पाणी साठणाऱ्या भागातून जाणं असेल तर घ्या. पुरात भिजलेल्या सीट, वायरिंग हे साध्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये येतं, पण पाणी आत गेलेलं असताना स्टार्टर मारला आणि इंजिन लॉक झालं तर तो क्लेम बेस पॉलिसीत सहसा मान्य होत नाही. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी कधीही, कधीही पुन्हा स्टार्ट करू नका, ढकलून बाहेर काढा आणि टो करा. ॲड-ऑन असलं तरीसुद्धा.

कन्झ्युमेबल्स स्वस्त असतं, ऑइल, कूलंट, नट-बोल्ट येतात त्यात. चावी हरवल्याचं, सामान चोरीचं वगैरे ॲड-ऑन डीलरच्या पॅकेजमध्ये भरलेले असतात, ते तुमच्या ५२ हजारांत किती आहेत बघा एकदा.

अनुजा_र
बापरे, इतकी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. आज बसून बाहेरून कोटेशन काढली. झिरो डेपसह एक ३४ हजारांचं आणि एक ३७ हजारांचं आलं, दोन्ही कंपन्या आमच्या शोरूमच्या वर्कशॉपच्या यादीत आहेत, फोन करून विचारलं. पण ३४ वाल्यात आयडीव्ही ९ लाख २० हजार दिसतेय आणि ३७ वाल्यात १० लाख ७ हजार. आयडीव्ही कमी म्हणजे नक्की काय नुकसान? आणि थर्ड पार्टी तीन वर्षांचं आणि बाकी एकच वर्षाचं असं का दिसतंय?

आकडेमोड
आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर मिळणारी कमाल रक्कम. नवीन गाडीला सहा महिन्यांपर्यंत एक्स-शोरूममधून ५ टक्के घसारा काढतात, म्हणजे १०.६० लाखांचे १०.०७ लाख. म्हणून ३७ वालं कोटेशन सरळ आहे आणि ३४ वाल्याने आयडीव्ही खाली ओढून प्रीमियम स्वस्त दाखवलाय. तीन हजार वाचवायला ८७ हजारांचं कव्हर सोडायचं? मुळीच नको. शोरूमच्या ५२ हजारवाल्यात आयडीव्ही किती आहे ते विचारा, तुलना आयडीव्ही आणि ॲड-ऑन सारखे करूनच करायची.

पुढे एक वर्ष उलटलं की २० टक्के, दोन वर्षांनंतर ३०, तीननंतर ४०, चारनंतर ५०, असा घसारा चढत जातो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते.

आता हे लोनशी जोडून बघा, कारण इथे माणसं खरंच अडकतात. समजा कुणी डाउन पेमेंट जवळजवळ न करता पूर्ण १०.६० लाखांचं लोन ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं. दोन वर्षं हप्ते भरल्यावर सुमारे ८.२१ लाख बाकी असतात आणि गाडीची आयडीव्ही तिसऱ्या वर्षी ७.४२ लाख झालेली असते. त्या वेळी गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे आधी बँकेला जातात, गाडी गेलेली, आणि वर बँकेचे ऐंशी हजार देणं शिल्लक! तुमचं लोन आठच लाखांचं आणि पाचच वर्षांचं आहे म्हणून तुम्ही या खड्ड्यात नाही. पण शोरूममध्ये "सात वर्षं करा, हप्ता १२,८७० होतो" असं गोड बोलतील तेव्हा आठवा, सात वर्षांत व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं.

अशांसाठी रिटर्न टू इन्व्हॉइस ॲड-ऑन आहे. टोटल लॉस किंवा चोरी झाली तर आयडीव्हीऐवजी इन्व्हॉइसची किंमत मिळते, काही कंपन्या रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशनही धरतात. लोन मोठं असेल तर पहिली दोन-तीन वर्षं हे घेण्यासारखं आहे.

मीनल_क
थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचं, मी सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो, दुचाकीला पाच वर्षांचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, सुरुवातीला तीन वर्षांचाही मिळायचा, पण ते पॅकेज ऑगस्ट २०२० पासून बंद केलं. म्हणून आता एक अधिक तीन असं दिसतं. पुढच्या वर्षी फक्त ओन डॅमेज रिन्यू करायचा, आणि तो दुसऱ्या कंपनीकडूनही करता येतो.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळीकडे एकच. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात नवीन कारच्या तीन वर्षांसाठी १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसीला १०,६४०, आणि त्यावर २४,५९६, अधिक जीएसटी. त्यामुळे "आमचा थर्ड पार्टी स्वस्त आहे" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या, फरक फक्त ओन डॅमेज आणि ॲड-ऑनमध्येच पडतो.

आणि एक, मालक-चालकाचा १५ लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर लागतोच, पण तुमच्याकडे आधीच तेवढा स्वतंत्र अपघात विमा असेल तर तो कोटेशनमधून काढायला सांगता येतो.

सुलभा_ताई
अनुजा, एक विचारते, घरात आधीची कुणाची गाडी नव्हती ना? कारण नो क्लेम बोनस (एनसीबी, क्लेम न केल्याबद्दलची सूट) माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकून नवीन घेणारे आपला बोनस डीलरकडेच विसरून येतात. जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं आणि नव्या पॉलिसीला लावायचं, पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर थेट ५० टक्के सूट मिळते. ते पत्र तीन वर्षं चालतं. एक्स्चेंजमध्ये गाडी देताना सेल्सवाले हे आपणहून सांगत नाहीत. धाग्यावर येणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

अनुजा_र
नाही ताई, पहिलीच गाडी आहे. पण भावाला सांगते, तो जुनी देऊन नवीन घेतोय.

आज शोरूमला जाऊन आले. फ्लॅट रेटबद्दल विचारलं तर तो बँकेचा माणूस म्हणाला "मॅडम तसं बघायला गेलं तर रिड्यूसिंगमध्ये साडेबाराच होतात". म्हणजे त्याला माहीत होतं! हँडलिंगची ओळ त्यांनी काढली. पण इन्शुरन्सबद्दल मॅनेजर ठाम, म्हणतात बाहेरचा इन्शुरन्स असेल तर रजिस्ट्रेशन आम्ही करणार नाही, कंपनीची पॉलिसी आहे, आणि वॉरंटीवर पण परिणाम होईल. हे खरं आहे का? आणि त्या लोनच्या फॉर्मबरोबर "लोन सुरक्षा" नावाचा २२ हजारांचा काहीतरी विमा पण होता, तो लोनमध्येच ॲड होतो म्हणे.

निवांत_प्रवासी
दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. वॉरंटी उत्पादकाची असते, ती गाडीतल्या दोषाची, तुम्ही विमा कुठून घेतला याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. रजिस्ट्रेशनसाठी कायद्याला वैध विम्याची पॉलिसी हवी, अमुक दुकानातली नाही. विमा नियामक आयआरडीएआयने विमा विकणाऱ्या डीलरांसाठी २०१७ मध्येच एमआयएसपी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यात ग्राहकावर विमा लादायचा नाही हे स्पष्ट आहे.

काय करायचं सांगतो. वाद घालत बसू नका. शोरूमच्या ईमेलवर चार ओळी लिहा, की मी विमा बाहेरून घेणार आहे, आपण असं असं म्हणालात, कृपया हे लेखी कळवा. लेखी कोणीच देत नाही. त्याच मेलमध्ये गाडी अलॉट झाली की चेसिस आणि इंजिन नंबर कळवा अशी विनंती करा, कारण त्याशिवाय बाहेरची पॉलिसी निघत नाही आणि बरेच जण इथेच अडवून धरतात, डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी नंबर देतात म्हणजे तुम्ही घाईत त्यांचीच पॉलिसी घ्याल. तरी अडलंच तर उत्पादक कंपनीच्या कस्टमर केअरला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार करता येते, विम्याची तक्रार बीमा भरोसा पोर्टलवर.

वर्कशॉपमित्र
आणि मेल करण्याआधी एकदा ३७ हजारांचं कोटेशन त्यांच्या टेबलावर ठेवून बघा. बऱ्याचदा ते तेवढ्यावर येतात. आले तर त्यांच्याकडूनच घ्यायला काहीच हरकत नाही, काका म्हणतात ती सोय पण मिळते. भांडण जिंकायचं नाहीये आपल्याला, योग्य भावात योग्य पॉलिसी हवीय.

मीनल_क
लोन सुरक्षा म्हणजे कर्जदाराला काही झालं तर कर्ज फेडणारा आयुर्विमा. कल्पना वाईट नाही पण सक्ती नाही. तुमचा स्वतःचा टर्म इन्शुरन्स पुरेसा असेल तर गरज नाही. शिवाय २२ हजार लोनमध्ये मिसळले की त्यावर पाच वर्षं व्याज तुम्हीच भरता. ज्यांनी असा विमा नकळत घेतलाय त्यांच्यासाठी, आयुर्विम्याला पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक असतो, त्यात परत करता येते. सह्या करताना प्रत्येक पान वाच गं, या फॉर्ममध्ये टिक आधीच केलेली असते.

सतीश_वानखडे
धागा छान चाललाय. मी डीलरकडूनच पण जुनी गाडी घेतोय, सेकंड हँड. इन्शुरन्स "गाडीसोबत आहे, आठ महिने शिल्लक" असं सांगितलं. मग मला काही करायला नको ना?

वर्कशॉपमित्र
करायला लागेल, आणि लगेच करायला लागेल. गाडी तुमच्या नावावर झाली तरी ओन डॅमेजची पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली तर ठोकल्यावर क्लेम नाकारला जातो. थर्ड पार्टी कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो पण तुमच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, त्याचा फरक तुम्हाला भरावा लागेल, तेवढी तयारी ठेवा.

आणि पैसे देण्याआधी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून विमा चालू आहे का आणि गाडीवर कुणाचं लोन आहे का बघा. हायपोथिकेशन (गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (ती नोंद उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, ते दाखवा म्हणा.

सतीश_वानखडे
खूप धन्यवाद, उद्याच विचारतो.

अनुजा_र
झालं एकदाचं, म्हणजे कागदोपत्री तरी. लोन माझ्या बँकेचं ९ टक्के रिड्यूसिंग, केएफएस नीट वाचून घेतलं, लोन सुरक्षा नाही म्हणून लिहून दिलं. इन्शुरन्ससाठी ३७ हजारांचं कोटेशन ठेवलं तर मॅनेजर आत जाऊन आले आणि त्याच आयडीव्हीला, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट आणि कन्झ्युमेबल्स धरून ३९,५०० ला तयार झाले. ते दोन ॲड-ऑन बाहेरच्या कोटेशनमध्ये नव्हते म्हणून मी हो म्हटलं. डिस्काउंट २५ चा १५ झाला, पण आकडेमोड म्हणतात तसं गणित केलं तर तरीही खूप वाचलेत. बाबांनी तीन लाख आरटीजीएसने भरायचं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात डिलिव्हरी. आता पैसे भरताना आणि गाडी घेताना काय बघू?

हायवेवाला
अभिनंदन!!! पैसे फक्त डीलर कंपनीच्या खात्यात. सेल्सवाल्याच्या वैयक्तिक यूपीआयवर बुकिंगचे पाच हजार सुद्धा नको, कितीही ओळखीचा असो. खातं क्रमांक कोटेशनवर छापलेला असतो, तो शोरूमच्या अकाउंट्सला विचारून पडताळा, व्हॉट्सॲपवर आलेल्या नंबरवर तीन लाख पाठवू नका. प्रत्येक भरण्याची पावती त्याच दिवशी.

आकडेमोड
बँक लोनचे पैसे थेट डीलरला पाठवेल. डिलिव्हरी पुढे गेली तर डिसबर्समेंटही पुढे ढकलायला सांगा, नाहीतर गाडी यार्डात आणि व्याज चालू. डीलरला लागेल त्या दिवशीचं डिसबर्समेंट लेटर बँकेकडून तयार ठेवलं की तेवढ्यावर ते कागद पुढे सरकवतात.

मीनल_क
पॉलिसीचा पीडीएफ डिलिव्हरीच्या आधी मागून वाच. चेसिस नंबर गाडीवरचा आणि पॉलिसीवरचा अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे, नॉमिनी भरलेला, फायनान्सर म्हणून तुझ्याच बँकेचं नाव (शोरूमच्या पॅनेलवरच्या बँकेचं नाव चुकून पडतं कधीकधी), ठरलेले तिन्ही ॲड-ऑन नावानिशी लिहिलेले, आयडीव्ही तीच. आणि पॉलिसी सुरू होण्याची तारीख आणि वेळ. डिलिव्हरी सकाळी ११ ला आणि पॉलिसी रात्री १२ नंतर सुरू असं असेल तर गाडी त्या दिवशी शोरूमच्या गेटबाहेर काढायची नाही. विम्याशिवाय रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि अपघात झाला तर भरपाई पूर्ण आपल्या अंगावर.

बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम वगैरे असेल तर ती पॉलिसीत नोंदवल्याशिवाय कव्हर होत नाही.

बाळूकाका
अभिनंदन अनुजा! मेल आणि कागद एका फाइलमध्ये ठेव पोरी, इन्व्हॉइस, फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र), पॉलिसी, लोन ॲग्रीमेंटची प्रत. आणि आरसी आली की त्यावर बँकेचं नाव चढलंय का बघ. पाच वर्षांनी शेवटचा हप्ता भरलास की बँक एनओसी देईल, ती तीनच महिने चालते, तेवढ्यात फॉर्म ३५ भरून आरटीओतून बँकेचं नाव उतरवून घ्यायचं आणि मग विमा कंपनीलाही कळवून पॉलिसीतून काढायचं.

अनुजा_र
काका, फाइल आजच केली. पॉलिसीचा ड्राफ्ट आला, फायनान्सरच्या जागी खरंच दुसऱ्या बँकेचं नाव होतं! मीनलताई, तुम्ही सांगितलं म्हणून दिसलं. दुरुस्तीला परत पाठवलाय, नवीन पीडीएफ आल्याशिवाय उरलेले पैसे पाठवत नाही.